फोटोवर लाखेचं सील: नाजूक वॉटरमार्क घालायचा कसा, तपासायचा कसा

तीन पडलेल्या पोफळींच्या पाच करायला आज मोबाइलवर दोन मिनिटं पुरतात. आडवं झालेलं एक खोड बोटाने उचलायचं आणि शेजारी दोनदा डकवायचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा प्रत्येक वेळी नुकसानीचा फोटो हाच मोठा आधार असतो. आणि खोटा फोटो करणं सोपं झालं की पहिला फटका खऱ्या फोटोला बसतो. ज्याची बाग खरंच झोपली त्यालाही 'हे खरं कशावरून?' याचं उत्तर द्यावं लागतं.

कातळशिल्पांच्या, म्हणजे कोकणात कातळावर खोदलेल्या जुन्या चित्रांच्या, नोंदींचंही तेच. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली, पण सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, अशी कितीतरी चित्रं अजून उघडी पडलेली आहेत. जांभा पावसाने झिजतो. उद्या एखादी रेघ पुसट झाली, तर ती आज होती एवढं सांगायला फोटोच उरेल. त्या फोटोत मागाहून कोणी रेघ वाढवलेली नाही, हे दाखवता आलं पाहिजे.

त्यासाठी नाजूक वॉटरमार्क वापरतात. वॉटरमार्क म्हटलं की फोटोच्या कोपऱ्यातलं स्टुडिओचं नाव डोळ्यासमोर येतं. ते हे नव्हे. हा वॉटरमार्क डोळ्याला दिसत नाही आणि तो टिकावा अशी अपेक्षाही नसते. ओहोटीनंतरच्या सपाट ओल्या वाळूवरून कोणी चालत गेलं की पाऊल उमटतंच, तसं फोटोला कोणी हात लावला की हा वॉटरमार्क तिथल्या तिथे मोडतो. कुठे मोडला त्यावरून हात कुठे लागला ते कळतं.

हॅश असताना हा खटाटोप कशाला?

हॅश म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइटांवरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा. फाइलचा एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढून ठेवला की फाइल बदलली का, हे कळतंच. तो काढायलाच हवा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं असतं, त्याच्या नमुन्यात हॅशची जागा आहे. वॉटरमार्कचा रकाना तिथे नाही. म्हणून वॉटरमार्क घातला की हॅश नको, असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

पण हॅश फक्त 'तीच फाइल' किंवा 'ती नव्हे' एवढंच सांगतो. पीएनजी आणि टिफ हे दोन्ही पिक्सेल जसेच्या तसे साठवणारे प्रकार. पीएनजी फाइल कोणी टिफमध्ये बदलली, तर एकही पिक्सेल हलला नसताना हॅश बदलतो. उलट पोफळींची संख्या वाढवली तरीही नुसता हॅशच बदलतो, कुठे काय केलं ते कळत नाही. वॉटरमार्क पिक्सेलांच्या आत बसलेला असतो. फाइलीचं बाहेरचं पुडकं बदललं, माहितीचे टॅग पुसले गेले तरी तो जागेवर राहतो. आणि फेरफार झाला तर नेमका कोणता चौकोन बिघडला ते दाखवतो. दोन्ही ठेवा.

कल्पना थोडक्यात

फोटोचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५. आकड्याचा शेवटचा बिट बदलला तर तो आकडा फार तर एकाने हलतो. डोळ्याला तो फरक कळत नाही, निळ्या रंगात तर मुळीच नाही. एखाद्या रंगाच्या सगळ्या शेवटच्या बिटांत नवे बिट भरले तरी त्या रंगाचं पीएसएनआर (मूळ फोटोशी किती जवळ, याचं माप) ५१ डेसिबलच्या आसपास राहतं, म्हणजे दर्जाची काळजी नको.

फोटोचे छोटे चौकोन पाडून प्रत्येकातले हे शेवटचे बिट आपण रिकामे करतो आणि त्यांत त्याच चौकोनाची गुप्त किल्लीने काढलेली मोहोर भरतो. तपासणारा तीच मोहोर पुन्हा काढतो आणि भरलेल्या बिटांशी जुळवतो.

ही वाट बरीच जुनी आहे. १९९५ मध्ये वॉल्टन यांनी शेवटच्या बिटांत बेरजेची खूण भरायची रीत मांडली. १९९७ मध्ये यंग आणि मिंट्झर यांनी पिक्सेलागणिक तपासणी आणली. १९९८ मध्ये वाँग यांनी चौकोन पाडून प्रत्येकात हॅश भरला. पुढे २००० मध्ये हॉलिमन आणि मेमन यांनी दाखवलं की चौकोन एकमेकांपासून सुटे असतील, तर खरे चौकोनच गोळा करून नवा खोटा फोटो जुळवता येतो. गोधडी शिवतात तसा. खाली दिलेल्या पद्धतीत त्यावरचा इलाज घातलेला आहे. नेटवर सापडणाऱ्या पुष्कळशा तयार स्क्रिप्टांत तो नसतो, म्हणून इथे एकेक पायरी नीट मांडतो आहोत.

लागेल ते सामान

साधा लॅपटॉप, पायथन ३, आणि पिलो (फोटो उघडायला-साठवायला) व नमपाय (आकड्यांचे तक्ते हाताळायला) या दोन लायब्रऱ्या. एचमॅक (गुप्त किल्ली घालून हॅश काढायची रीत, आपली मोहोर तीच), एसएचए आणि किल्ली पाडण्याचं 'सिक्रेट्स' मॉड्यूल पायथनसोबतच येतं. प्रोग्रॅम शंभरेक ओळींचा होतो. स्वतःला लिहिता येत नसेल तर लिहिणाऱ्याच्या हातात हा लेख द्या, आकडे सगळे इथेच आहेत. शिवाय एक नोंदवही हवी. ती कागदाची असो की एक्सेलची, पण ठेवायचीच.

पायरी १: किल्ली

३२ बाइटची किल्ली 'सिक्रेट्स' मॉड्यूलकडून पाडून घ्या. गावाचं नाव आणि जन्मसाल जोडून केलेली किल्ली चालणार नाही, ती ओळखायला कोणाला दिवसही लागणार नाही. ३२ बाइट सोळाच्या पद्धतीत लिहिले की ६४ अक्षरं होतात. ती दोन पेन ड्राइव्हवर आणि एका कागदावर ठेवा. इंकजेटची शाई आपल्याकडच्या पावसाळ्यात फुटते, म्हणून लेझर छपाई किंवा बॉलपेन, वर लॅमिनेशन, आणि कागद बंद पाकिटात. किल्ली हरवली तर आजवरचे सगळे फोटो तपासता येणं बंद. किल्ली फुटली तर ती ज्याच्या हाती लागेल तो हवा तो फोटो खरा ठरवू शकतो. दोन्हीपैकी दुसरं जास्त वाईट, कारण ते लगेच कळत नाही.

पायरी २: क्रमांक

प्रत्येक फोटोला स्वतःचा क्रमांक. वर्षाचे चार आकडे, जागेचे तीन, फोटोचे चार: २०२५ ०१७ ०००३ असा. हा ११ आकडी क्रमांक प्रोग्रॅममध्ये संख्या म्हणून ८ बाइटांत मावतो.

क्रमांकात गावाचं नाव देवनागरीत घालायचा मोह होईल. घालू नका. 'दऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आतले बाइट वेगळे. टाइप करणाऱ्याचा कीबोर्ड बदलला की मोहोर जुळणार नाही आणि सगळा फोटो खोटा ठरेल. देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे यांचेही बाइट वेगळे असतात. म्हणून क्रमांक मजकूर म्हणून न ठेवता संख्या म्हणून ठेवा. गावाचं नाव, वाडी, गट नंबर हे सगळं नोंदवहीत लिहा.

पायरी ३: फोटो तयार करणं

मोबाइलमधली मूळ जेपीईजी केबलने लॅपटॉपवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आलेली प्रत घेऊ नका, ती आधीच आकसलेली आणि पुन्हा दाबलेली असते. मूळ फाइलचा एसएचए-२५६ काढून नोंदवहीत लिहा आणि ती फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवा.

मग ती पिलोमध्ये उघडा. इथे तीन गोष्टी आधीच निपटायच्या. एक, फिरवणं. उभा फोटो बहुतेक मोबाइल आडवाच साठवतात आणि 'दाखवताना फिरवा' असा टॅग जोडतात. वॉटरमार्क आडव्यावर पडला आणि पुढे कुठल्या तरी सॉफ्टवेअरने खरोखरच फिरवून साठवला की सगळे चौकोन बिघडतात. म्हणून पिलोमधलं 'एक्झिफ ट्रान्सपोज' चालवून आधी खरोखर फिरवून घ्या. दोन, रंग साध्या आरजीबीत आणि ८ बिटांत आणा. पारदर्शकतेचा चौथा थर असेल तर काढून टाका, कारण काही प्रोग्रॅम त्या थरापायी बाकीचे आकडे बदलतात. तीन, उजेड-बिजेड वाढवायचा असेल तर तोही आत्ताच. वॉटरमार्कनंतर काहीच करायचं नाही. मात्र कातळशिल्पाच्या नोंदीत रेघ उठून दिसावी म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवण्यापेक्षा सकाळी किंवा उन्हं उतरताना, तिरप्या उजेडात फोटो काढलेला केव्हाही बरा. सावली खोदीव रेघ आपोआप दाखवते.

पायरी ४: चौकोन पाडणं

चौकोन १६ × १६ पिक्सेलांचा घ्या. त्यात २५६ पिक्सेल, म्हणजे निळ्या रंगाचे २५६ शेवटचे बिट. एचमॅक-एसएचए-२५६ ची मोहोरही बरोबर २५६ बिटांची. काही तोडावं लागत नाही, काही उरत नाही. याहून लहान चौकोन घेतला तर जागा अधिक नेमकी कळते, पण मोहोर छाटावी लागते. नवख्यांनी १६ वरच थांबावं.

आता ४००० × ३००० चा नेहमीचा १२ मेगापिक्सेलचा फोटो घ्या. ४००० ला १६ ने पूर्ण भाग जातो: २५० चौकोन. ३००० ला जात नाही: १८७ ओळी होऊन तळाला ८ पिक्सेलांची पट्टी उरते. ही पट्टी सोडून देणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. पंचनाम्याच्या फोटोत तारीख-वेळेची छापील ओळ बहुधा तळालाच असते, आणि तीच बिनमोहोरेची राहते.

नियम असा ठेवा. उरलेली पट्टी ८ पिक्सेल किंवा जास्त असेल तर तिचे वेगळे चौकोन करा. १६ × ८ मध्ये १२८ बिट बसतात, तिथे मोहोरेचे पहिले १२८ बिट भरा. पट्टी ८ पेक्षा कमी असेल तर ती वरच्या चौकोनांना जोडून टाका. अशा मोठ्या चौकोनात पहिल्या २५६ पिक्सेलांत मोहोर भरायची, बाकीच्यांचा शेवटचा बिट तसाच ठेवायचा आणि तो हिशेबात पूर्ण धरायचा. उजव्या कडेलाही हाच नियम.

पायरी ५: मोहोर काढणं

प्रत्येक चौकोनासाठी एचमॅकला द्यायचा मजकूर ठरलेल्या लांबीचा आणि ठरलेल्या क्रमाचा हवा:

- फोटोचा क्रमांक, ८ बाइट
- फोटोची रुंदी, ४ बाइट
- फोटोची उंची, ४ बाइट
- चौकोनाची ओळ, ४ बाइट
- चौकोनाचा स्तंभ, ४ बाइट
- चौकोनातले लाल, हिरवे, निळे आकडे ओळीने, निळ्याचे शेवटचे बिट ० करून: ७६८ बाइट

एकूण ७९२ बाइट. संख्यांचा मोठा भाग आधी, लहान नंतर. ओळ आणि स्तंभ मजकूर म्हणून जोडू नका. ओळ १ स्तंभ १२ आणि ओळ ११ स्तंभ २ दोन्ही '११२' होतात, आणि मग एका जागेची मोहोर दुसऱ्या जागी चालून जाते.

ओळ-स्तंभ आणि क्रमांक हाच त्या गोधडीवरचा इलाज. ते नसतील तर पडलेल्या पोफळीचे चौकोन जाळीला जाळी लावून त्याच फोटोत दुसरीकडे डकवता येतात आणि तपासणीत सगळं हिरवं, म्हणजे जुळलेलं, दिसतं. क्रमांकामुळे शेजाऱ्याच्या फोटोतला चौकोनही चालत नाही.

पायरी ६: बिट भरणं

हातानेच एकदा करून बघा. जांभ्याच्या एका तुकड्यात चार पिक्सेलांचे निळे आकडे ८७, ९०, ९१, ९४ आहेत आणि भरायचे बिट ०, १, १, ० आहेत. सम आकड्याचा शेवटचा बिट ०, विषमाचा १. तर ८७ चा ८६ होतो, ९० चा ९१, ९१ तसाच राहतो, ९४ ही तसाच. दोन हलले, दोन जागेवर. सगळ्या फोटोतही साधारण निम्मेच पिक्सेल हलतात.

प्रोग्रॅममध्ये हे करताना १ मिळवू किंवा वजा करू नका. नमपायच्या ८ बिटी आकड्यात २५५ मध्ये १ मिळवला की ० होतो, आणि पांढऱ्याशुभ्र आभाळात पिवळे ठिपके दिसू लागतात. आधी २५४ शी 'अँड', मग बिटाशी 'ऑर'. दुसरा नेहमीचा घोटाळा: पिलो आधी रुंदी सांगतं, नमपाय आधी उंची. हे उलटसुलट झालं तर चौरस फोटोवर सगळं ठीक चालतं आणि आडव्या फोटोवर फसतं. म्हणून चाचणी चौरस फोटोवर घेऊ नका.

बिटांचा क्रमही लिहून ठेवा: मोहोरेच्या पहिल्या बाइटचा सर्वांत मोठा बिट आधी, चौकोनात डावीकडून उजवीकडे, वरून खाली.

पायरी ७: साठवणं

पीएनजीतच साठवा. १२ मेगापिक्सेलचे कच्चे आकडे ३ कोटी ६० लाख बाइट भरतात, पीएनजी त्याहून लहान होते पण मूळ जेपीईजीच्या कित्येक पट मोठी असते. त्यातले १५ लाख बाइट तर निव्वळ मोहोरेचे, जे दाबता येत नाहीत. डिस्कची तयारी आधी ठेवा.

फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाली की नाव बदला. पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि अर्धवट लिहिलेली पीएनजी खऱ्या नावाने पडून राहिली की पुढे गोंधळ होतो. साठवल्यावर तीच फाइल डिस्कवरून पुन्हा उघडून तपासणी चालवा. सगळे चौकोन हिरवे आले तरच नोंदवहीत ओळ लिहा: क्रमांक, रुंदी-उंची, मूळ फाइलचा हॅश, पीएनजीचा हॅश, कोणी काढला, कुठे, कधी.

तपासणी

तपासणीचा प्रोग्रॅम वेगळा ठेवा. तो निळे शेवटचे बिट आधी बाजूला काढतो, मग ते शून्य करून मोहोर पुन्हा काढतो आणि चौकोन जुळला तर हिरवा, नाहीतर लाल रंगवतो. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ४६,७५० पूर्ण चौकोन आणि तळाचे २५० अर्धे. साध्या लॅपटॉपवर हे काही सेकंदांचं काम आहे.

वेगळा का, तर भरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक मोठी जोखीम आहे. फेरफार केलेला फोटो त्याच क्रमांकाने आणि त्याच किल्लीने पुन्हा त्यातून काढला की तो हिरवागार होऊन बाहेर पडतो. म्हणून भरणाऱ्या प्रोग्रॅमने आधी नोंदवही बघावी आणि क्रमांक वापरलेला असेल तर काम नाकारावं. फोटो नुसता तपासून बघणाऱ्याला भरणारा प्रोग्रॅम देण्याचं काही कारण नाही.

इथेच या पद्धतीची मर्यादाही दिसते: जो तपासू शकतो त्याच्याकडे किल्ली आहे, आणि किल्ली आहे तो मोहोर करूही शकतो. दोन पक्षांत वाद असेल तर हे पुरत नाही. तेव्हा खासगी-सार्वजनिक किल्लीची जोडी लागते: खासगीने सही होते, सार्वजनिकने ती फक्त तपासता येते. ईडी-२५५१९ या पद्धतीची सही ५१२ बिटांची असते. १६ × १६ च्या चौकोनात निळ्यासोबत लाल रंगाचेही शेवटचे बिट वापरले की ती नेमकी मावते. पण सुरुवातीला ते करू नका. आतली मोहोर एचमॅकची ठेवा आणि पूर्ण पीएनजीच्या हॅशवर एक सही वेगळी करून ठेवा. बरीचशी गरज तेवढ्यात भागते.

लाल रंग वाचायचा कसा

एकाच जागी लाल घोळका, बाकी हिरवं: तिथे हात लागला आहे. फोटो मोठा करून मूळ जेपीईजीशी तो भाग ताडून बघा. दोन ठिकाणी सारख्या आकाराचे घोळके दिसले म्हणून एकीकडचं उचलून दुसरीकडे डकवलं, असं लगेच म्हणू नका. जिथून उचललं ती जागा हिरवीच राहते, डकवलेली जागाच लाल होते.

सगळंच लाल: फेरफाराचा संशय शेवटी घ्या. आधी किल्ली बरोबर आहे का, क्रमांक बरोबर आहे का ते बघा. फाइलचं नाव कोणी बदललं असेल तर नोंदवहीतले सगळे क्रमांक एकाच चौकोनावर लावून बघता येतात. हजार क्रमांक असले तरी क्षणाचं काम. मग फोटो कोणत्या वाटेने आला ते विचारा. जेपीईजी एकदा झाली की संपलं. दर्जा १०० ठेवला तरी रंगांचं रूपांतर आणि पूर्णांकात बसवणं यांत शेवटचे बिट जातात. आकार बदलला, फिरवला, रंगाची प्रोफाइल बदलली तरी तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तरी पोहोचलेल्या फाइलचा हॅश जुळवून घ्या.

कापलेला फोटो: यातही सगळं लाल येतं, कारण मोजमाप आणि जागा मोहोरेत आहेत. पण इथे वाट आहे. नोंदवहीतल्या मूळ रुंदी-उंचीचा काळा फोटो बनवा, कापलेला तुकडा त्यावर मूळ जागी बसवा आणि तपासा. जागा नेमकी बसली की तुकड्यातले पूर्ण चौकोन हिरवे होतात. जागा माहीत नसेल तर मूळ जेपीईजीवरून शोधा.

चौकोन लाल आहे पण २५६ पैकी एक-दोनच बिट जुळत नाहीत: याचा अर्थ निव्वळ शेवटच्या बिटांनाच धक्का लागला आहे, चित्र जसंच्या तसं आहे. चित्रातला एक जरी आकडा खरोखर बदलला, तरी मोहोरच वेगळी निघते आणि साधारण निम्मे, म्हणजे १२८ च्या आगेमागे बिट चुकतात. मात्र १२८ चुकले म्हणजे चित्र बदललंच असंही नाही. त्यावर कोणी दुसरा वॉटरमार्क भरला असेल तरी तेवढेच चुकतात. म्हणून तपासणीच्या अहवालात लाल-हिरव्यासोबत न जुळलेल्या बिटांचा आकडाही छापून घ्या.

वापरात आणण्याआधी

एका आडव्या, बाजूंना १६ ने भाग न जाणाऱ्या फोटोवर वॉटरमार्क घाला आणि त्याच्या प्रती काढून मुद्दाम बिघडवा. एका पिक्सेलचा लाल आकडा एकाने वाढवा: एकच चौकोन लाल व्हायला हवा. चौकोन ओळ ३ स्तंभ ५ उचलून ओळ ९ स्तंभ २० वर ठेवा: नवी जागा लाल, जुनी हिरवी. तळाच्या पट्टीत तारखेचा एक आकडा बदला: पट्टी लाल. शेवटी टिफमध्ये बदलून परत पीएनजी करा: सगळं हिरवंच राहिलं पाहिजे. यातलं एकही वेगळं आलं तर प्रोग्रॅम चुकला आहे. खऱ्या फोटोंना हात लावू नका.

काय मागायचं नाही

फोटो वॉटरमार्क घातल्यापासून बदललेला नाही, एवढंच हा सांगतो. त्याआधी काय झालं ते नाही. दुसऱ्याच्या बागेत उभं राहून काढलेला फोटो, गेल्या वर्षीचा फोटो, छापील फोटोचा फोटो, सगळे हिरवे येतील. म्हणून फोटो काढणं आणि मोहोर भरणं यांतलं अंतर शक्य तितकं कमी ठेवा, त्याच दिवशी भरा, आणि दोन्ही वेळा नोंदवहीत लिहा. फोटोत ओळखीची खूण येऊ द्या: गडग्याचा कोपरा, विहिरीचा काठ, विजेच्या खांबाचा नंबर. कातळशिल्पाजवळ मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवा.

वर्तमानपत्राला किंवा वेबसाइटला द्यायच्या प्रती जेपीईजीच असणार, आणि त्यांत हा वॉटरमार्क उरणार नाही. थोडं दाबणं सोसून खरा फेरफार तेवढा पकडणारे अर्धनाजूक वॉटरमार्कही असतात. ते जेपीईजीच्या आतल्या ८ × ८ च्या तुकड्यांतल्या गुणकांवर चालतात. पण 'थोडं' म्हणजे किती हे ठरवण्यात नवखा माणूस हमखास अडकतो. बाहेर जेपीईजी जाऊ द्या, सोबत क्रमांक छापा. शंका आली की घरची पीएनजी काढून दाखवा.

वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी झाली की, सगळ्या पीएनजी पुन्हा तपासून काढा आणि डिस्कच्या डब्यातली सिलिका जेलची पाकिटं बदला. खाऱ्या हवेत डिस्क फार वर्षं धरत नाही. किल्ली सांभाळणारं माणूस बदललं तर नवी किल्ली पाडा, तिला अनुक्रम द्या आणि नोंदवहीत प्रत्येक फोटोपुढे किल्लीचा अनुक्रम लिहीत चला. जुनी किल्ली मात्र फेकू नका. जुने फोटो तिच्यावाचून तपासता येणार नाहीत.